शिंगरास खोगीर चढविण्यापूर्वी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात छत्रपती संभाजीनगर येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणीसांनी घरी येऊन "आप्पा, यंदा तुम्ही बोलावयाचे" असे सांगितले, आणि विषय मात्र मजवर सोपविला. शिक्षणनिधि, वसतिगृह, विवाहातील अनाठायी खर्च ह्या विषयांवर अधिकारवाणीने बोलणारी मंडळी ह्या व्यासपीठावर बसलेली आहेत. त्यांच्या प्रांतात मी पाऊल टाकीत नाही. मला आयुष्यात जे काही थोडेफार कळले ते एका घोड्यापाशी आणि एका घोडीपाशी कळले. त्यातले निम्मे चूक करून कळले. तेच आज आपणांपुढे ठेवावे असे मी ठरविले आहे.

घोड्याचा आणि आपला काय संबंध, असे कोणी मनात म्हणत असेल. येथे जमलेल्या विवाहित पुरुषांपैकी बहुतेक जण आयुष्यात एकदाच घोड्यावर बसले असतील, आणि त्या वेळी लगाम दुसऱ्याच्या हातात होता. तरीही आपली भाषा अजून पागेतून बाहेर पडलेली नाही. आपण मुलांना लगाम घालतो, गर्दीत खोगीरभरती पाहतो, हट्टी माणसास अडेलतट्टू म्हणतो, काम अडले की घोडे कोठे पेंड खाते ते शोधतो. आणि "ह्यात गोम आहे" असे म्हणताना ती गोम म्हणजे घोड्याच्या अंगावरील केसांची एक अशुभ मानलेली रेघ होय, हे आपल्या ध्यानातही नसते.

आपल्या शहराचीही गोष्ट तीच. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली, तेव्हा त्याच्या फौजेची मदार मराठे घोडेस्वारांच्या हलक्या, चपळ तुकड्यांवर होती. वेरूळचे भोसले आणि सिंदखेडचे जाधव हे घोड्याच्या पाठीवरच मोठे झाले. पुढे इंग्रजी अमदानीत हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची ठाणी आपल्या छावणीत, हिंगोलीस आणि मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस होती. १८५७ च्या जूनमध्ये ह्याच छावणीतील घोडदळाने दिल्लीकडे कूच करण्याच्या शंकेने हत्यार उचलले होते. त्या घोडदळाची रीत शिलेदारीची होती, म्हणजे घोडा स्वाराच्या मालकीचा. एवढ्यासाठीच ही गोष्ट मी सांगितली. घोडा घरचा असला म्हणजे शिंगरू घरच्या अंगणात वाढते, त्यास शिकविण्याचे काम घरच्या माणसांवर येते, आणि ती विद्या बापाकडून मुलाकडे जाते. शिलेदारी गेली, पुढे घोडदळेही गेली. टांग्यांची जागा रिक्षांनी घेतली. १९५३ साली संस्थानी घोडदळांतून एकत्र केलेले एकसष्टावे घोडदळ जयपुरास अजून आहे. पण आपल्याकडे ती विद्या सांगणारी माणसे माझ्या तरुणपणीच बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

त्यांपैकी एक आमचे उस्ताद. त्यांचे नाव येथे घेत नाही. त्यांना ते आवडले नसते. तरुणपणी त्यांनी घोडदळात नोकरी केली होती आणि उतारवयात ते छावणीजवळ एका खोलीत राहत. लोक त्यांना चाबूकस्वार म्हणत. हा शब्द आपल्याकडे जुना आहे. कोवळ्या घोड्यास खोगिराची सवय लावून स्वारीयोग्य करणारा तो चाबूकस्वार. मी लहान असताना मला वाटे की ज्याच्या हाती चाबूक तो चाबूकस्वार. उस्ताद हसले. ते म्हणाले की फारसीत चाबूक म्हणजे चपळ, तल्लख. चाबूकस्वार म्हणजे चपळ स्वार. मारण्याच्या वस्तूस ते नाव त्याच शब्दावरून पडले. मी पुढे कोश उघडून पाहिला, तर म्हातारा बरोबर होता. त्यांच्या हातात वेताची एक लांब काठी असे आणि तिच्या टोकास सुताची दोरी बांधलेली असे. पण ती काठी कोणत्याही जनावराच्या अंगावर पडलेली मी दहा वर्षांत पाहिली नाही. ते तिने दिशा दाखवीत, वाद्यवृंदाचा नायक दाखवितो तशी.

आता माझ्या चुकीकडे येतो.

१९६७ सालच्या मार्गशीर्षात वडिलांनी व मी नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून एक शिंगरू खरेदी केले. माळेगावची यात्रा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. भंडाऱ्याने पिवळे झालेले माळरान, आणि त्यावर उंट, गाढवे आणि घोडे ह्यांच्या रांगा. आमचे शिंगरू नर होते, सब्ज्या रंगाचे. म्हणजे पांढऱ्यावर करडी झाक. भीमथडीचे रक्त त्यात दिसत होते: बांधा आटोपशीर, खूर कठीण, डोळा मोठा. भीमेच्या काठची ही जात. चौल, दाभोळ, गोवा ह्या बंदरांत उतरलेल्या अरबी घोड्यांचा आणि देशी तट्टांचा संकर होऊन ती घडली असे मानतात. मराठ्यांच्या दूरवरच्या मोहिमा अशाच घोड्यांनी निभावल्या. मधल्या काळात धनगरांच्या वाड्यांवर ओझी वाहून तिने दिवस काढले, आणि आता कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत घोड्यांची आठवी भारतीय जात म्हणून तिची नोंद झाली आहे. ह्याचे श्रेय जे धनगर कोणत्याही कागदावाचून ती जात राखून होते त्यांचे.

विकणाऱ्याने वय सांगितले तीन वर्षे. आम्ही ते मानले. शिंगरास पायी घेऊन परभणी, जालना असे मुक्काम करीत बाराव्या दिवशी आम्ही घरी पोचलो. पाठीवर साधी घोंगडीही टाकली नव्हती. वडिलांना तेवढी समज होती. उस्तादांनी त्याचा खालचा ओठ अंगठ्याने खाली केला, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "ह्याचे सगळे दात दुधाचे आहेत. दोन वर्षांचाही पुरता नाही. दोन पावसाळे थांबा."

पण पुढच्या वैशाखात माझ्या थोरल्या भावाचे लग्न ठरले होते. घरात सर्वांच्या मनात एकच: नवरदेव भाड्याच्या घोडीवर कशाला, घरचा घोडा आहे! वडील द्विधा होते. मी बावीस वर्षांचा होतो आणि चार महिन्यांत घोडा तयार करून दाखवितो असे मी छातीठोकपणे सांगितले. उस्तादांकडे जाण्याचे मी टाळू लागलो, कारण ते काय म्हणतील हे मला ठाऊक होते. मी एकट्याने त्याच्या तोंडात लोखंड घातले, खोगीर आवळले, आणि तो उधळून उधळून दमला म्हणजे शिकला असे समजलो. पंधरा दिवसांत तो मला पाठीवर घेऊन चालू लागला. गावातील लोक पाहावयास येत. मला फार आनंद होत असे.

लग्नाच्या संध्याकाळी नवरदेव मारुतीच्या दर्शनास निघाला. पुढे बँड, दोहों बाजूंस डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसे. पहिला फटाका वाजेपर्यंत सर्व ठीक होते. त्यानंतर काय झाले ते नीटसे कोणासच सांगता येत नाही. शिंगरू मागच्या पायांवर उभे राहिले एवढे मी पाहिले. मी लगाम धरून होतो. मी तो जिवाच्या आकांताने खाली ओढला, आणि तेच करावयास नको होते. भाऊ बाजूस पडला. उजवे मनगट मोडले. मंगलाष्टके झाली तेव्हा त्याचा हात फडक्याने गळ्यात बांधलेला होता आणि हार वहिनीने एका बाजूने व मामाने दुसऱ्या बाजूने धरून घातला. लग्नाची छायाचित्रे आमच्या घरात अजून आहेत. भाऊ त्यांत हसतो आहे. तो हात पुढे कधी पुरता सरळ झाला नाही. त्याने ह्या विषयावर मला आयुष्यात एकही शब्द ऐकविला नाही.

घोड्याचे काय झाले, ते भावाच्या हाताइतकेच मला टोचते. त्याने नंतर कोणास पाठीवर बसू दिले नाही. खोगीर दिसले की तो थरथर कापे. पाठीवर हात ठेवला की कंबर खाली दाबून घेई. तेथे दुखत होते हे उघड होते. पुढच्या यात्रेस मीच त्यास माळेगावास परत नेले आणि खऱ्या सांगून, कमी किमतीस विकले. घेणाऱ्याने त्यास कशास जुंपले असेल ह्याचा विचार मी पुष्कळ वर्षे टाळीत आलो.

मला वाटले होते उस्ताद मला दारात उभे करणार नाहीत. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "त्याने तुला पहिल्या दिवसापासून सांगितले होते. तू ऐकले नाहीस."

ते काय सांगत होता, हे कळावयास मला पुढची पाच वर्षे लागली. १९६९ साली आमच्या घरच्या जुन्या घोडीस एक मादी शिंगरू झाले. तांबूस अंग, कपाळावर चांदणी. ह्या वेळी मी उस्तादांच्या शब्दाबाहेर पाऊल टाकले नाही, आणि पहिली दोन वर्षे त्यांनी मला खोगिराचा शब्द उच्चारू दिला नाही. दररोज खरारा. चारही पाय एकेक करून उचलणे आणि खाली ठेवणे, म्हणजे नालबंद आला असता ती घाबरणार नाही. तोंडावर हात, कानांवर हात, शेपटीखाली हात. मोरकी घालून बागडोर धरून चालणे: तिच्या पुढे नव्हे, मागे नव्हे, खांद्याशी. उस्ताद म्हणत की स्वारीची निम्मी शिकवण जमिनीवर उभे राहून होते. मला तेव्हा हे बोलणे म्हातारपणाचे वाटे.

मग आला कावा. बंधूंनो, ह्या शब्दापाशी मला थोडे थांबू द्या. कावा म्हणजे कपट, डावपेच, हा अर्थ आपण सर्व जाणतो. पण लांब दोरीवर घोड्यास मंडलाकार फिरविणे हाही कावाच. माणूस मध्ये उभा, घोडा भोवती. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. आमच्या घोडीस डावा कावा चार दिवसांत आला आणि उजव्यास तीन आठवडे लागले. माणसाप्रमाणे घोडाही उजवा-डावखुरा असतो. शिवाय त्याचे डोळे दोन बाजूंस असल्याने जवळजवळ सारे भोवताल त्यास दिसते, पण बहुतेक एकेका डोळ्याने; नेमके कपाळासमोर आणि शेपटीमागे काय आहे ते दिसत नाही. डाव्या डोळ्याने ओळखीची झालेली बादली उजव्या बाजूने आली की आमची घोडी तिला नव्याने बुजे. म्हणून प्रत्येक धडा दोनदा द्यावा लागे.

ही मंडले फिरविण्याची विद्या किती जुनी आहे पाहा. तुर्कस्थानात बोगाझकोय येथील उत्खननात मातीच्या विटांवर कोरलेले एक पुस्तक सापडले. ते सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचे. मितन्नी देशाच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाने सांगितलेले. रथाच्या घोड्यांस सुमारे सात महिने कसे तयार करावे, कोणत्या दिवशी किती चालवावे, केव्हा पाणी द्यावे, केव्हा धुवावे, हे त्यात दिवसवार आहे. भाषा हित्ती, पण फेऱ्यांची नावे मात्र ऐकावी: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक आवर्तन, तीन आवर्तने, पाच, सात! आपण पूजेस बसून जी आवर्तने मोजतो त्या शब्दाचे भावंड इतक्या दूरच्या देशात घोड्यांच्या फेऱ्या मोजीत होते. आणि अगदी शेजारी यावयाचे तर कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त घोड्यांच्या क्रीडेस स्वतंत्र प्रकरण आहे. कौटिल्याचा अश्वाध्यक्ष, अमरकोशातील घोड्याच्या पाच चाली, हे सारे आपणांस संस्कृतच्या शिक्षकांकडून कळेलच. ग्रीसमध्ये झेनोफोनने इ. स. पूर्व चौथ्या शतकात घोड्यावर जो ग्रंथ लिहिला त्यात तो सांगतो की जबरदस्तीने करवून घेतलेली चाल ही चाबूक मारून नाचविलेल्या नर्तकासारखी दिसते. उस्तादांनी झेनोफोनचे नाव ऐकले नव्हते.

काव्यावर मी काय शिकलो ते सांगतो, कारण व्याख्यानात सांगण्याजोगे मजपाशी एवढेच आहे. मी समजत होतो की दोरी ओढल्याने घोडा शिकतो. तसे नाही. दोरी ओढल्याने घोड्यास अडचण होते. दोरी सैल झाल्याने तो शिकतो. घोडी आत वळावी म्हणून मी दोरीवर बोटभर ताण देई. तिने मान किंचित आत आणली की त्याच क्षणी ताण सोडावयाचा. पुढच्या क्षणी नव्हे. दोन पावलांनंतर नव्हे. कारण ती जे करीत असता सुटका झाली तेच तिच्या ध्यानात राहते. मी उशीर केला आणि तोवर ती मान झटकू लागली असली, तर मान झटकणे मीच तिला शिकविले. घोड्याच्या अंगावर माशी बसली तर तेवढीच कातडी थरकते, इतके त्यास कळते. मग दोन्ही हातांनी लगाम खेचणाऱ्या माणसाचे त्यास काय वाटत असेल? उस्ताद कुंपणाशी खाटेवर बसून डोळे मिटून माझे ऐकत असत, घोडीच्या पावलांचा आवाज, आणि मध्येच ओरडत, "ढील दो बेटा, ढील!" मी म्हणे, दिली. ते म्हणत, "देर से दी."

वरातीच्या रात्री मी लगाम खाली ओढला होता. शिंगरास तेव्हा पुढे जाण्यास वाट हवी होती, आणि मी तीच बंद केली. पुढची वाट बंद झाली की घोड्यास वरच जावे लागते.

१९७२ आले. त्या वर्षाविषयी ह्या सभेत वयस्कर मंडळींस काही सांगावयास नको. पावसाने पाठ फिरविली, विहिरी आटल्या, सरकारी कामांवर खडी फोडावयास माणसे निघाली, आणि कडब्याची पेंढी सोन्याच्या मोलाची झाली. घोडी तिसऱ्या वर्षात होती. बेतानुसार त्या दसऱ्यानंतर खोगीर चढवावयाचे होते. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. घरात प्रश्न उभा राहिला की हिला आता विकावी, किंवा निदान कामास तरी लावावी. टांगेवाला घेण्यास तयार होता. वडिलांचे म्हणणे चुकीचे नव्हते. घरात खाणारी तोंडे होती. मी उस्तादांस विचारले: खोगीर आता चढविले तर? त्यांनी तिच्या पाठीच्या कण्यावरून बोट फिरविले. कण्याच्या दोन्ही बाजूंचे मांस ओसरून हाड वर आले होते. "खोगीर मांसावर बसते," ते म्हणाले, "हाडावर नाही." काव्याचे धडेही त्यांनी बंद केले. चंदीचा हरभरा मिळेना. ते स्वतः संध्याकाळी कोठून तरी हिरवा पाला आणीत, आणि तो आणल्याचे आम्हांस सांगत नसत. आमच्या आईने आपल्या पाटल्या त्या वर्षी मोडल्या. त्यांतला किती पैसा घोडीस गेला आणि किती आम्हांस, हे तिने सांगितले नाही. आज ती येथे असती तर मी हा प्रसंग बोललो नसतो.

येथे थोडे हाडांविषयी. घोडा मोठा दिसतो म्हणून मोठा झालेला नसतो. त्याच्या पुढच्या गुडघ्याशी असलेली वाढीची टोके दोन-अडीच वर्षांनी जुळतात. पाठीच्या मणक्यांची मात्र पाच-साडेपाच वर्षांपर्यंत. ज्यावर आपण बसतो तेच सर्वांत शेवटी पक्के होते. आणखी एक: माणसास हंसळीचे हाड आहे, घोड्यास नाही. त्याची छाती दोन पुढच्या पायांमध्ये केवळ स्नायूंनी टांगलेली असते, आणि अंगाच्या वजनापैकी शंभरांत साठ हिस्से त्या पुढच्या पायांवरच असतात. त्यात वर माणूस बसला की कोवळे शिंगरू पुढे झुकते, ठेचाळते. तो भार हळूहळू मागच्या पायांवर घ्यावयास शिकविणे, पाठ वर उचलून चालावयास शिकविणे, हेच स्वारीच्या शिकवणुकीचे खरे काम. ते स्नायू दिवसांत होत नाहीत. जाणकार आता असेही सांगतात की स्वार आणि सामान मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापलीकडे जाऊ नये.

हे ऐकून आपल्या विवाहसमितीच्या सभासदांच्या ध्यानात मी कोठे चाललो आहे ते आले असेल. सामुदायिक विवाहसोहळ्यासाठी दरसाल आपण घोड्या ठरवितो. ठरविताना कोणी रंग पाहतो, कोणी साज पाहतो, कोणी ती बँडवर नाचते का ते विचारतो. माझी विनंती आहे की एका सभासदाने तिचा ओठ खाली करून दात पाहावेत. ह्यास विद्या लागत नाही. दुधाचे दात लहान, पांढरे, मुळाशी निमुळते; पक्के दात रुंद आणि पिवळसर. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. कडेचे दात दुधाचे असतील तर त्या जनावरास परत पाठवावे. मग तिच्या पाठीवर नवरदेवापुढे एक भाचा बसविण्याची हौसही सोडावी लागेल. आणि जी घोडी नाचते म्हणून आपण खूश होतो, ती पुष्कळदा दोन्ही बाजूंनी ओढलेल्या लगामाखाली पाय आपटीत असते. देवमण आणि भोवरे पाहून शुभाशुभ ठरविणाऱ्या वडीलधाऱ्यांशी मी वाद घालीत नाही. त्यांनी भोवरे पाहावेत, दातही पाहावेत. मालक कुरकुर करील, दुसरी घोडी महाग पडेल. समितीच्या जमाखर्चात ती रक्कम मोठी नाही, हे मी गेल्या वर्षीच्या अहवालावरून सांगतो.

१९७३ साली पाऊस चांगला झाला. श्रावणात घोडीच्या पाठीवर मांस आले. उस्तादांनी प्रथम तिच्या पाठीवर एक घडी केलेली घोंगडी ठेवली आणि काढली; ठेवली आणि काढली; असे आठ दिवस. मग तंगाशिवाय खोगीर. मग तंग, पण दोन बोटे आत जातील इतका सैल, आणि रोज एकेक भोक पुढे. मग रिकिबी लोंबत्या सोडून कावा, म्हणजे कुशीस काही लागले तरी भय नाही हे तिने जाणावे. लोखंड तोंडात घेताना उस्तादांनी त्यास गूळ चोळला. पुढचे दात आणि मागच्या दाढा ह्यांच्यामध्ये घोड्याच्या तोंडात हिरडीची मोकळी जागा असते. लोखंड तेथे बसते, आणि ती हिरडी किती कोवळी आहे हे त्यांनी मला माझे बोट घालावयास लावून दाखविले. लगाम लोखंडास नव्हे, तर पहिले कित्येक दिवस मोरकीसच बांधलेला होता.

दसऱ्यास आम्ही हत्यारांबरोबर खोगिराची पूजा केली. घोडीस झेंडूची माळ घातली. ती तिने खाऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांनी मला तिच्या पाठीवर नुसते पालथे पडावयास सांगितले, पोत्यासारखे. ती मान वळवून पाहू लागली, माझा सदरा हुंगला आणि पुन्हा वैरणीकडे वळली. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी मांड टाकली. वडील दूर गोठ्याच्या दाराशी उभे होते. भाऊही आला होता, उजवा हात डाव्या हातात धरून, जशी त्यास सवय पडली होती. उस्तादांनी बागडोर धरून आम्हांस एकच कावा फिरविले, मग डोळ्यांनी खूण करून दोरी सोडली. ती आपोआप काव्यातून बाहेर पडून सरळ बांधाच्या दिशेने चालू लागली. मी लगाम धरला होता, पण ओढला नाही. तिचे कान आलटून पालटून माझ्याकडे वळत होते. वीस-पंचवीस पावले झाली असतील. मला वाटले आता दुडकी घ्यावी. ती घेईल हे मला मांडीखाली कळत होते.

"उतर," उस्ताद मागून म्हणाले.

मी म्हणालो, "आता तर कोठे निघाली आहे."

"म्हणूनच."

मी उतरलो, तंग सैल केला, आणि भावाच्या डाव्या हातात बागडोर दिली. तो तिच्या खांद्याशी चालत तिला गोठ्यापर्यंत घेऊन गेला.